दोन्ही दिवे हिरवे

माझ्या नणंदेला कुणी चांगलं म्हटलं की मला राग येतो, आणि वाईट म्हटलं की त्याहून जास्त येतो. आता अशा बाईचं काय करायचं, तुम्हीच सांगा. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी तिच्याशी भांडते आहे. तिनं माझ्या नवऱ्याला डोक्यावर बसवून ठेवलं म्हणून भांडले, तिनं मला नोकरी लावून दिली आणि वर कधी बोलूनही दाखवलं नाही म्हणून भांडले, आणि तिच्या बाजूनं अख्ख्या हॉस्पिटलशीही भांडले. सगळ्यांत मोठं भांडण झालं ते एका वायरीवरून.

ही नणंद, म्हणजे ताई, आमच्या हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळते. म्हणजे काय, तर डॉक्टरांच्या पडद्यावर एक्स-रे उमटतो, माझ्या खिडकीवर रिपोर्ट छापून निघतो, आयसीयूतल्या सगळ्या खाटांचे ठोके नर्सच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर एकत्र दिसतात, ते सगळं ज्या वायरींतून जातं त्या वायरी ताईच्या. चालू असल्या की कुणी ढुंकून बघत नाही, बंद पडल्या की सगळे तिच्या नावानं शंख करतात. ताई पन्नाशी उलटलेली, बुटकी, लग्न न केलेली. कारण विचारलं तर म्हणते, राहून गेलं. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण स्क्रू-ड्रायव्हर असतोच. तोंडानं फटकळ. मीही फटकळ आहे, पण माझं निदान घरापुरतं आहे. ती सर्जनलासुद्धा सोडत नाही.

एकटी वायर नको, हा तिचा हट्ट. प्रत्येक मजल्यावर भिंतीत एक लोखंडी कपाट आहे. मजल्याच्या सगळ्या वायरी तिथल्या एका डब्यात येऊन मिळतात आणि त्या डब्यातून खाली मशीनच्या खोलीत एक मोठी वायर जाते. ताईनं तिथं एकीच्या जागी दोन टाकल्या. नुसत्या टाकून भागत नाही म्हणे. वरच्या आणि खालच्या, दोन्ही डब्यांना समजावून सांगावं लागतं, की बाबांनो, हे दोन पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या या दोन जागा, तुम्ही वेगळ्या धरू नका, एकच आहे असं समजा. एकाला सांगितलं आणि दुसऱ्याला सांगायचं राहिलं तर सगळं आतल्या आत गरगरतं आणि अख्खा मजला ठप्प होतो. नीट सांगितलं की दोन्ही वायरी मिळून काम वाटून घेतात, आणि एक गेली तर दुसरी सगळा भार आपल्या अंगावर घेते. खिडकीवरच्या माणसाला पत्ताही लागत नाही.

एक्स-रेचे डॉक्टर एकदा तिच्यावर चढले होते, की दोन वायरी टाकल्या तर माझा फोटो दुप्पट वेगानं का येत नाही. ताईनं त्यांना सरळ माझ्यापाशी आणून उभं केलं. म्हणाली, ही माझी भावजय, रिपोर्ट देते. उद्या हिनं दोन खिडक्या उघडल्या तर तुम्ही एकटे दोन रांगांत उभे राहणार का? गर्दी लवकर हलेल, तुम्ही तेवढेच राहाल. डॉक्टर तसेच निघून गेले, आणि नंतर आठवडाभर माझ्याकडे असे बघायचे जसं काही मीच त्यांचा अपमान केला.

आणि मग तिचं ते वायर ओढणं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, भर गर्दीत, ताई एकेका मजल्यावर जायची, कपाट उघडायची आणि जोडीतली एक वायर स्वतःच्या हातानं उपटायची. सगळं चालतंय ना ते बघायची. मग ती परत खोचायची आणि दुसरी उपटायची. लोक म्हणायचे, या बाईचं डोकं फिरलंय, चांगली चालू वायर उपटते. मीसुद्धा म्हटलं, की करायचंच आहे तर संध्याकाळी करा, गर्दी गेल्यावर. तर म्हणाली, गर्दी गेल्यावर कुणीही भार उचलेल, त्यात बघायचं काय? मी कपाळावर हात मारला, पण मनातून पटलं होतं. तिला मात्र तसं सांगितलं नाही.

आता आमच्या ह्यांच्याकडे येते. येताना माझा पारा चढतोच, त्याला इलाज नाही.

हे ताईपेक्षा बरेच लहान. ताई ह्यांना अजून बारक्या म्हणते. पोट सुटलंय, दाढी पिकायला लागली आहे, आणि हा बारक्या. बारक्यानं दुकान काढलं, ताईनं मांडून दिलं. दुकान बसलं, ताईनं निस्तरलं. मग टीव्ही आणि कॅमेरे बसवायचं काम शिकला, तर हॉस्पिटलचं कंत्राट कुणी मिळवून दिलं? सासूबाई ताईकडे राहतात. त्यांचं उठणं-बसणं, औषधं, रुसवेफुगवे सगळं ताई बघते, आणि रविवारी हे फळं घेऊन जातात तेव्हा सासूबाई शेजारणीला बोलावून सांगतात, माझा मुलगा बघा किती करतो. मी काही म्हटलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं: ताई आहे ना. हे तीन शब्द ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या शनिवारी सासूबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायची पाळी ह्यांची होती. पाळी कधी नव्हे ती मीच भांडून लावून घेतली होती. सकाळी ह्यांनी ताईला फोन केला, की तातडीचं काम आलंय, तेवढं तूच ने. ताईनं रजा टाकली आणि आईला घेऊन गेली. आणि तातडीचं काम काय होतं? आमच्याच मजल्यावर, आयसीयूबाहेर नातेवाईक बसतात तिथं, हॉस्पिटलच्या जाहिराती दाखवायला टीव्ही बसवायचा होता. त्याच्या वायरीला कपाटातल्या डब्यात जागा नव्हती, सगळे पोर्ट भरलेले. ताईला विचारायचं, तर ती रजेवर, तेही ह्यांच्याच कृपेनं. फोन लावता आला असता. पण ह्यांनी बघितलं, दोन वायरी शेजारी शेजारी आहेत, दोन्ही एकाच ठिकाणी जातात, मग एक कशाला हवी? काढली. त्या पोर्टात टीव्हीची वायर खोचली. काढलेल्या वायरीचं टोक आपल्या नेहमीच्या लाल टेपनं गुंडाळून डब्याच्या मागे सारून दिलं, आणि कामाला हात लावला की फत्ते, अशा थाटात घरी येऊन पंखा लावून बसले.

सोमवार नेमका महिन्यातला पहिला. ताई आली ती खुर्चीत न बसता तशीच वर आली. माझ्या खिडकीसमोरची रांग जिन्यापर्यंत गेलेली. तिनं कपाट उघडलं, जोडीच्या पोर्टांवरचे दोन्ही दिवे बघितले. दोन्ही हिरवे होते. त्यातला एक टीव्हीचा होता, पण दिवा काय, पलीकडे कुणीतरी आहे एवढंच सांगतो. खाली मशीनच्या खोलीत त्याच जोडीचा एक दिवा विझलेला होता. तिच्या कॉम्प्युटरवर शनिवारीच तसा इशारा येऊन पडला होता, पण तो वाचायला ती जागेवर होती कुठं? ताईनं वायर ओढली.

सगळा मजला गेला. माझा रिपोर्ट अर्धा छापून थांबला. टीव्हीवर जाहिरातीतली बाई हसता हसता तशीच थिजली. आयसीयूतला मोठा पडदा कोरा पडला, आणि नर्सेस धावल्या, एकेक जण एकेका खाटेपाशी जाऊन उभी राहिली. खाटेजवळची यंत्रं चालू होती, कुणालाही काही झालं नाही, हे मी आधीच सांगते. पण बाहेर बसलेल्यांनी काचेतून फक्त धावणाऱ्या नर्सेस बघितल्या. एकाचा बाप आत होता. त्यानं माझ्या खिडकीचे गज धरले आणि मला जे काही बोलला ते मी निमूट ऐकून घेतलं, कारण त्याच्या जागी मी असते तर गज उपटले असते. ताईनं वायर लगेच परत खोचली. थोड्या वेळात सगळं जागेवर आलं, पण तोवर वरच्या मजल्यापर्यंत बोंब गेली होती, की त्या बाईनं आयसीयूची वायर उपटली.

मी खिडकी सोडून तिच्यामागे जाऊन उभी राहिले. ती कपाटात डोकं घालून एकेक वायर हातानं चाचपत होती. डब्यामागून तिनं ते टोक बाहेर काढलं. लाल टेप. आमच्या घरात कॅल्क्युलेटरला, चष्म्याच्या काडीला, फ्रिजच्या दाराला तीच टेप आहे. ताईनं ती सोलली, तिची गोळी केली आणि पर्समध्ये टाकली. मी विचारलं, टेप कुणाची आहे ही? तर म्हणाली, टेप ती टेप.

दुपारी हे तिच्या खोलीत आले. मी तिथंच होते. आईचा गुडघा कसा आहे हे विचारलं नाही, आयसीयूत कुणाला काही झालं का हे विचारलं नाही. आले आणि खुर्ची ओढून बसले.

"ताई, साहेबांनी उद्या बोलावलंय. पोर्ट तूच दिलास असं सांग. तुझी नोकरी पक्की आहे, तुला काय करणार आहेत? माझं कंत्राट जाईल."

ताईनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं," म्हणाली.

बरं! हे उठले, मला म्हणाले संध्याकाळी उशीर होईल, आणि गेले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग मी दार लावलं आणि जे सुटले ते सुटलेच. म्हटलं, हे तुमचे लाड आहेत. तुमच्या लाडापायी हा माणूस असा झाला. आज आयसीयूत कुणी गेलं असतं तर त्याचंही खापर तुम्ही आपल्या डोक्यावर फोडून घेतलं असतं, आणि हा रविवारी फळं घेऊन आला असता. ताई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, आणि त्यानं मी आणखी भडकले.

"अख्ख्या हॉस्पिटलच्या वायरी ओढून बघता तुम्ही. ही एक कधी ओढून बघितलीत का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता मला घालवून देईल.

"नाही बघितली," ती म्हणाली. "काय होणार ते मला माहीत आहे. म्हणून तर नाही बघत."

मी दार आपटून खिडकीवर गेले, आणि दिवसभर रांगेतल्या बिचाऱ्या लोकांवर खेकसत राहिले.

घरी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, तू बहीण-भावाच्या मधे पडू नकोस. मी म्हटलं, पडेन. ताईचं काय होईल याचा विचार केलात का? म्हणाले, तिचं काही होत नाही गं, तिचं कधी काही झालंय का आजवर? आणि हे अगदी मनापासून म्हणत होते. लबाडीनं बोलले असते तर मला एवढा राग आला नसता.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत आम्ही तिघं उभे. मला बोलावलं होतं ते माझी खिडकी बंद पडली होती म्हणून. साहेब म्हणजे हॉस्पिटलचे मोठे साहेब. माणूस कडक, पण वाकडा नाही. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले आणि बाजूला उभं केलं. मग ताईला म्हणाले, आयसीयूच्या मजल्यावर वायर ओढायची तर दुसरी जिवंत आहे की नाही हे वर आणि खाली, दोन्हीकडे आधी बघायला नको? ताई म्हणाली, बघायला हवं होतं, चुकले. त्यात तिनं एक अक्षर लपवलं नाही. साहेबांनी मान हलवली. म्हणाले, ही चूक मी समजू शकतो, लेखी ताकीद देईन आणि विषय संपवेन.

मग त्यांनी पुढचं विचारलं. टीव्हीला तो पोर्ट कुणी दिला? ह्यांनी खाकरून घेतलं. साहेबांनी हात वर करून ह्यांना थांबवलं.

"नीट विचार करून सांगा. पोर्ट ह्या बाईंनी दिला असेल तर त्यांनी स्वतः जोडी मोडली आणि राहिलेली वायरही स्वतःच ओढली. तसं असेल तर मी हे काम त्यांच्या हातात ठेवू शकत नाही. चाव्या आजच घ्याव्या लागतील."

आता ह्यांना कळलं. मी तोंडाकडेच बघत होते, कळलं हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. कालपर्यंत तिचं काही होत नाही असं म्हणत होते ना, आता होणार होतं, आणि ते ह्यांच्या एका शब्दावर होतं. मी मनात म्हटलं, बोला. आयुष्यात एकदा बोला. कंत्राट गेलं तर मी दुसरी पाळी करेन, धुणीभांडी करेन, पण एवढं बोला. ह्यांनी ताईकडे बघितलं. मग साहेबांकडे बघितलं.

"हो साहेब. मॅडमनीच सांगितलं होतं."

मॅडम म्हणाले. सख्ख्या बहिणीला. जिनं बोट धरून शाळेत नेलं तिला. माझा हात उचलला गेला होता, खरंच सांगते, खाली कसा आणला ते मला माहीत नाही.

साहेब ताईकडे वळले. ती आदल्या दिवशी बरं म्हणाली होती, आणि ताईचं बरं म्हणजे दगडावरची रेघ. मी डोळे मिटून घेतले.

"नाही साहेब," ताई म्हणाली. आवाज इतका बारीक, की साहेबांना पुढे वाकावं लागलं. "मी सांगितलं नव्हतं. ह्यानं मला न विचारता वायर काढली."

मी डोळे उघडले तेव्हा हे तिच्याकडे बघत होते. जिन्याची आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा चेहरा झाला होता. रागवायलाही सुचत नव्हतं त्यांना. कंत्राट तिथल्या तिथं गेलं. ताईला ताकीद मिळाली, ती तिनं सही करून घेतली. हे खोलीतून बाहेर पडले ते आमच्या दोघींकडे न बघता.

मला वाटलं होतं, मला आनंद होईल. मला एवढाच राग आला होता की हे फार उशिरा झालं.

ताई जिन्यापर्यंत चालली आणि तिथंच पायरीवर बसली. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. तिचा फोन वाजला, त्यावर आईचं नाव. म्हणजे बारक्यानं आईला कळवलं सुद्धा. ताईनं फोन हातात धरून ठेवला, तो वाजून वाजून बंद झाला. मी शेजारी बसले. म्हटलं, तुम्ही बरोबर केलंत. तिनं ऐकल्यासारखं केलं नाही. नाक पुसत होती, आणि मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

"आता तो सगळा तुझ्यावर येणार," ती म्हणाली.

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. वायरीबद्दल सांगावं तसं सांगितलं तिनं. आणि इतकी वर्षं भांडताना हे मी कधी बघितलंच नव्हतं. ताईनं हात काढला की भार जायचा कुठं? तो माझ्याच दारात येऊन बसणार होता, दाढी पिकलेला, पंखा लावून, बायको आहे ना म्हणत.

"मी नाही घेणार," मी म्हणाले.

"मग पडेल तो."

"पडू दे."

ताईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात माझा फोन वाजायला लागला. ह्यांचा होता. आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं, आणि तो वाजत असताना तशाच पायरीवर बसून राहिलो.